आईवर गेलेली

१९ नोव्हेंबर २०२३

दादा आला होता. आठ महिन्यांनी! आत आल्या आल्या आधी दार लावून घेतलं, मग बूट काढले. जिन्यात कुणी बघितलं तर? सांगलीत त्याला कोण ओळखतंय! पण सवय.

लग्न ठरलंय म्हणाला. उंब्रजची मुलगी, मयूरी. बीएस्सी झालेली, खंडाळ्याच्या एका कंपनीत नोकरीला. मोबाईलवर फोटो दाखवला. छान आहे. हसरी. मी म्हटलं, "मग साखरपुडा कधी? आईला घेऊन येते मी." तर हा खाली बघत बसला. आणि मग एका दमात — "संयू, त्यास्नी आई न्हाई असं सांगितलंय. लहानपणीच वारली म्हणून."

मला आधी कळलंच नाही. कुणाची आई?

आई आत चहा टाकत होती. दोन खोल्यांचं घर, ऐकू न यायला काय झालं! कप घेऊन बाहेर आली, त्याच्यापुढं ठेवला आणि विचारलं काय, तर "स्वयंपाक येतो का तिला? तुला तिखट लागतं." बस्स. एवढंच.

आणि मी? माझ्याबद्दल काय सांगितलंय त्यांना? "तुझं काय सांगायचं…" म्हणजे काहीच नाही. आई निदान मेली तरी. मी तर झालेच नाही!

२० नोव्हेंबर

झोप नाही. लिहून काढते, डोकं तरी रिकामं होईल.

आई शिलाँगची. खासी. मिरजेला नर्सिंगला आली ती एकोणीस वर्षांची असताना. बाबा मोटरसायकलवरून पडून, मांडी मोडून तिच्या वॉर्डात दीड महिना पडून होते. दोन वर्षांनी लग्न. कुंडलच्या घरात आजीला आईचं 'दारिहुन' हे नाव म्हणता येईना. तांदळात नाव लिहायच्या वेळी तिनं 'शकुंतला' लिहायला लावलं. विषय संपला.

मग दादा झाला. बाबांचं नाक, बाबांचे डोळे, बाबांच्या जाड भुवया. आजीनं अख्ख्या आळीत पेढे वाटले. तीन वर्षांनी मी झाले. बारीक डोळे, बसकं नाक, गालाची हाडं वर. मला म्हणे आजीनं मांडीवर घेतलं, बघितलं आणि परत आईकडं दिलं. "ही कुणीकडची गं?"

मी दोन वर्षांची होते तेव्हा वाटणी झाली. भावाभावांत भांडी वाटतात तशी. आजीचे शब्द मला पाठ आहेत, आईनं एकदाच सांगितलेत तरी. "पोरगं आपल्यावर गेलंय, ते हितं ऱ्हाईल. पोरगी तिच्यावर गेलीया. ती तिची तिनं न्यावी."

बाबा तिथंच उभे होते.

तेव्हापासून आई आणि मी विश्रामबागेत भाड्यानं. आई हॉस्पिटलात. बाबा दर गुरुवारी येतात, शेतातली वांगी, मेथी, कधी काकवी घेऊन. गावात सांगतात, सांगलीला बाजाराला गेलो होतो. चोवीस वर्षं बाजार चाललाय! गावातल्या जुन्या लोकांना माहीत आहे सगळं. पण आजीच्या, अंबूबाईच्या तोंडाला लागायचं कुणी? मुकाट्यानं बसतात.

७ डिसेंबर

गुरुवार. बाबांनी मेथीच्या पिशवीत घालून पत्रिका आणली. बाहेर न काढताच पिशवी ओट्यावर ठेवली. मी जुडी सोडायला गेले तर हातात आली. गुलाबी, सोनेरी गणपती. आणि खाली —

कै. शकुंतला व श्री. उदयसिंह यांचे ज्येष्ठ चिरंजीव.

ज्येष्ठ! धाकटं कोण मग?

बाबा जेवत होते. मी पत्रिका त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. म्हटलं, "बाबा, ह्या कैलासवासी बाईंच्या हातची आमटी गोड लागते का?" घास हातात तसाच राहिला त्यांच्या. आईच मला ओरडली. "जेवू दे त्यांना." आणि वाढलं त्यांना आणखी! भात वाढला वरून!

१५ डिसेंबर

दादाचं लग्न यूट्यूबवर बघितलं.

पत्रिकेवर तो चौकोनी कोड छापला होता, परगावच्या लोकांसाठी. आम्ही परगावचे. कुंडल इथनं पन्नास किलोमीटर सुद्धा नाही. आईनं रजा काढली होती. कुठं जायचं नव्हतं तरी मोतिया साडी नेसली, केस बांधले. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि दोघी खाली बसलो.

मंडपात आईच्या जागी काकू. विहिणीची ओटी काकूनं भरली. दादा काकूच्या पाया पडला. मी बंद करते म्हटलं. आई म्हणाली, "असू दे." मग पुढं वाकून नीट बघायला लागली. म्हटलं काय बघतेस? तर म्हणे, "त्याचे कान माझ्यासारखे आहेत. पाळ्या चिकटलेल्या. लहानपणापासून." दिसत नव्हते. फेट्यात गेले होते.

मधेच व्हिडिओ अडकला. अक्षता पडल्या त्या आम्हाला दिसल्याच नाहीत. पुन्हा सुरू झाला तेव्हा लोक जेवायला पळत होते.

२ फेब्रुवारी २०२४

दुकानात एक काकू चष्म्याचा नंबर काढायला आल्या. मी अक्षरं वाचून घेतली, भिंगं बदलली, सगळं झालं. जाताना म्हणतात, "तुमी नेपाळच्या का ओ? मराठी मात्र लय झाक बोलता!"

म्हटलं, "मी कुंडलची."

खोखो हसल्या. त्यांना वाटलं गंमत केली.

रोजचंच आहे. पण आज घरी येऊन आरशात बघितलं. माझ्या नाकावर एकही फ्रेम नीट बसत नाही. स्वतःच्या चष्म्याला मी वेगळे उंच पॅड लावून घेतलेत, नाहीतर घसरतो. रोज शंभर फ्रेमा हाताळते. माझ्यासारख्या नाकाचा विचार करून केलेली त्यांत एकही नाही.

२८ मार्च

मयूरीला दिवस गेलेत. बाबांनी जेवता जेवता सांगितलं. कंपनी सोडणार, सोमवार ते शुक्रवार खंडाळ्याला राहणं आता झेपत नाही म्हणे.

आईनं संध्याकाळी जुनी मऊ साडी काढली आणि झबली बेतायला बसली. "कोण घालणार ती? मेलेल्या बाईनं शिवलेली?" मी म्हटलं. तिनं दोऱ्याचं टोक ओलं करून सुईत ओवलं. 

९ नोव्हेंबर

मुलगी. उंब्रजला, माहेरी. दोघी बऱ्या आहेत. बाबांचा फोन दीड मिनिटाचा.

३० जानेवारी २०२५

बाबांनी आज फोटो दाखवला. सृष्टी नाव ठेवलंय. अडीच महिन्यांची.

आईनं फोन हातात घेतला. मोठा करून बघितला.  मी तिच्या खांद्यावरून बघितलं. मी! माझा एकटीचा लहानपणीचा एकच फोटो आहे, टोपडं घातलेला, कपाटाच्या दारावर चिकटवलेला. तोच. तेच डोळे, तेच नाक, तेच गाल. टोपडं तेवढं वेगळं.

आई हसत होती. किती तरी दिवसांनी दात दिसले तिचे.

बाबा हसत नव्हते.

२० मार्च

ऐकलं ते लिहवत नाही. तरी लिहिते.

मयूरीला अजून सासरी आणलेलं नाही. चार महिने झाले! आजी उंब्रजला नातीला बघायला गेली होती. बघितलं आणि भर सोप्यात, सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "आमच्यात असलं त्वांड कुणाचं न्हाई."

असलं तोंड कुणाचं नाही!

तिनं म्हणावं? तिनंच पंचवीस वर्षांपूर्वी हे तोंड ओळखून उंबऱ्याबाहेर काढलं होतं!

आता उंब्रजमध्ये कुजबूज चाललीय. कंपनीत आसामकडची पोरं कामाला आहेत. मयूरी लग्नानंतर तीन महिने तिथंच खोली करून राहत होती. झालं. लोकांना आणखी काय पाहिजे!

मी बाबांना विचारलं, "आणि दादा काय म्हणतो?"

"काय म्हणनार. गप हाय."

"आणि तुम्ही?"

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग पुन्हा मोडला. खाल्ला नाही.

"बाबा, ती पोरगी तुमच्या बायकोवर गेलीय. एक वाक्य आहे. एवढं बोलायला काय लागतं?"

"मग सगळंच उघडं पडंल की गं," म्हणाले.

म्हणजे मयूरी उघडी पडली तर चालतंय.

१० एप्रिल

आज मयूरीच्या वडिलांचं कळलं. दादासो नाव त्यांचं, खताचं दुकान आहे. ते स्वतः कुंडलला आले, पंचासमोर बसावं तसे बसले आणि म्हणाले, "आवं, रक्त तपासा. डीएनए का काय असतंय ते करा. माझी पोरगी खोटी निघाली तर मी तोंड दाखवणार न्हाई."

बाप असावा तर असा.

आणि दादा काय म्हणाला? "टेस्ट कशाला? माझा इस्वास हाय तिच्यावर."

विश्वास! टेस्ट केली तर पोरगी त्याचीच निघणार. मग पुढचा प्रश्न येणार, असं तोंड आलं कुठनं? तो प्रश्न नको म्हणून विश्वास! आणि बायकोला घरी आणतो का? तेही नाही. "जरा लोकांचं बोलणं थंडावू दे."

सगळ्यात कहर पुढंच आहे. माहीत असलेले मुकाट, बाकीच्या गावात त्याचं कौतुक चाललंय. बाबा सांगत होते, खाली मान घालून. "लोक म्हनत्यात, पोरानं बायकोचं पोटात घातलं. लय मोठ्या मनाचं पोरगं."

मी ताट तसंच टाकून उठले.

११ एप्रिल

आईला म्हटलं, चल उंब्रजला. दोघी जाऊ. दारात उभ्या राहू नुसत्या, बोलायचीही गरज नाही.

"मी नाही येणार."

"का?"

"त्याचं घर आहे ते."

"आणि मयूरीचं काय? तू नर्स आहेस ना गं? आयुष्यभर परक्यांची उस्तवार केलीस, ही तर तुझी सून!"

भांडी घासत राहिली. तेच पातेलं तीनदा घासलं.

भित्री आहे माझी आई. लिहिताना वाईट वाटतंय, पण आहे.

१३ एप्रिल

गेले. एकटी.

सकाळची कराडची एसटी, तिथून उंब्रज. दादासोंचं खताचं दुकान विचारलं तर तिघांनी हात करून दाखवलं आणि तिघांनीही माझ्याकडं वळून वळून बघितलं. घर दुकानाच्या मागंच. दारात मयूरीची आई तांदूळ निवडत बसलेली. वर बघितलं आणि सूप बाजूला ठेवून उभीच राहिली.

"कोण तुमी? काय पायजे?"

मी तोंड उघडायच्या आत आत बघून ओरडली, "आवं, बाहेर या! आता त्या कंपनीतली मानसं घरापातुर आली!"

तिला वाटलं मी त्याची बहीण. त्या नसलेल्या माणसाची! हसावं की रडावं?

दादासो बाहेर आले. उंच, कपाळावर अष्टगंध. मी म्हटलं, "काका, मी जयराजची बहीण. सख्खी. संयोगिता." त्यांना पटेना. कसं पटणार? आधार कार्ड काढून दिलं. वडिलांचं नाव, पत्ता कागदावर अजून कुंडलचाच. मग घरातनं नेलेला फोटो दिला, मिरजेच्या स्टुडिओतला — बाबा, आई, आईच्या मांडीवर मी, आणि पुढं हाफ पँटीत दादा. आईचा हात त्याच्या डोक्यावर. दादासोंनी फोटो उजेडात धरून बघितला. किती वेळ! मग म्हणाले, "ही बाई कवा वारली?"

"वारली नाही. सांगलीत आहे. आज तिची सेकंड शिफ्ट आहे."

 मयूरी कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. वाळलीय. लग्नातली ती नव्हेच. कडेवर सृष्टी. ती माझ्याकडं बघायला लागली, मी तिच्याकडं. पोरीनं माझा चष्मा ओढला.

मयूरीची आई एकदा माझ्याकडं, एकदा पोरीकडं बघत म्हणाली, "अगं बाई गं…"

मला वाटलं होतं मयूरी रडेल. माझे हात धरेल. आभार मानेल! खरंच वाटलं होतं. तिनं चष्मा पोरीच्या हातातून सोडवून मला परत दिला आणि म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेतल्या मी. आईसमोर, चुलत्यांसमोर. रोज एकजण यायचं नवीन. तुमी कुठं होता तवा?"

मी म्हटलं, मला मार्चमध्ये कळलं.

"आणि लग्नात? तवा तर माहीत होतं ना, आई जिती हाय?"

 फोन तांदळाच्या डब्याला टेकवून बघत बसले होते मी. ते काय सांगू?

दादासोंनी मला स्टँडवर सोडलं, मोटरसायकलवर. उतरताना म्हणाले, "तुमचा राग न्हाई पोरी. पर फसवलं आमाला. लय फसवलं."

१६ एप्रिल

काल दादासो मयूरीला आणि पोरीला घेऊन कुंडलला गेले. मयूरीनंच फोनवर सांगितलं, सरळ, कोरडं.

फोटो आजीसमोर ठेवला. आजी आधी म्हणाली दिसत नाही. मग म्हणाली, "व्हय. तिच्यावर गेलीया पोरगी. मग? कळलं न्हवं आता? न्या आत." जणू पार्सल चुकून दुसरीकडं गेलं होतं! वर म्हणते, "पर ती सांगलीवाली ह्या घरात यायची न्हाई."

दादा म्हणाला, "चल मयूरी, झालं गेलं सोड."

मयूरी म्हणाली, "सासू जिती असताना जिथं तिला मारली, तिथं मी कुणाच्या भरवशावर ऱ्हाऊ? त्यास्नी आधी आणा. त्या उंबरा ओलांडतील, मग माझी पोरगी ओलांडंल."

आणि परत गाडीत जाऊन बसली.

१७ एप्रिल

गुरुवार. बाबा आले नाहीत.

दादाचा फोन आला. "माझं घर मोडलंस तू!"

"कुठलं घर, दादा? ज्यात मी कधी नव्हतेच, ते?"

शिव्या दिल्या त्याला. सगळ्या. पंचवीस वर्षांच्या. त्यानं ऐकून घेतल्या. मग ठेवला.

२४ एप्रिल

आज पण नाहीत आले बाबा. आईनं एका माणसाचा भात जास्त लावला होता.

४ मे

मयूरी आली! सृष्टीला घेऊन, आमच्या घरी. दादासो खाली जीपमध्येच बसून राहिले. बोलावलं तरी वर येईनात. मग आईच चहा घेऊन खाली गेली. दोघं जीपजवळ उभे, काय बोलले कुणास ठाऊक. परत आली तेव्हा तिचं नाक लाल.

मयूरी पाया पडायला वाकली तर आईनं तिला मधेच धरलं. मग कोपरापर्यंत हात धुतले, वॉर्डात धुतात तसे, पुसले आणि पोरीला घेतलं. मान, टाळू, मांडीच्या वळ्या, सगळं तपासलं. "वजन कमी आहे थोडं. तू जेवत नाहीस." मयूरी तेवढ्यावर रडली. उंब्रजला एवढं बोलली माझ्याशी, पाणी नव्हतं डोळ्यांत. आज "जेवत नाहीस" म्हटल्यावर धो धो.

सृष्टी आईच्या तोंडाकडं बघत होती. आई तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला लागली. खासीत. माझ्याशी शाळेत जायला लागल्यापासून बोलायची बंद झाली होती — मीच बंद केली होती, पोरं चिडवायची म्हणून. मला दोन शब्द कळले. बाकी नाही.

सगळं इतकं बरं चाललं होतं. मग आई मयूरीला म्हणाली, "तू जा घरी. कुंडलला. माझा हट्ट सोड."

"तुमी आधी चला."

"मी नाही येणार. पण जयराज वाईट नाही गं."

मी तिथंच भडकले. त्याच्या बायकोसमोर, पोरीसमोर. म्हटलं, "वाईट नाही? तुला जिवंतपणी मारलं त्यानं! बायकोला गावभर बदनाम होऊ दिलं! अजून काय करायला पाहिजे होतं म्हणजे वाईट म्हणशील?" आई पोरीला थोपटत राहिली. माझ्याकडं बघितलंच नाही. मयूरी मात्र आईकडं बघत होती. टक लावून.

जाताना झबली दिली आईनं. सगळी लहान झालीत आता. मयूरीनं तरी घेतली.

६ मे

दादाचा मेसेज. तीन ओळी. "मयूरीच्या बाबतीत मी चुकलो, त्याची माफी मी तिच्याकडं मागीन. पण आई वारली असं सांग, हे मला आईनंच सांगितलं होतं. तिच्याकडचं कळून दोन स्थळं मोडल्यावर. इचार तिला."

विचारलं. ती गणवेशाला इस्त्री करत होती.

"हो," म्हणाली. "मलाच सुचलं."

मी ओरडले. दीड वर्ष मी त्याला शिव्या देतेय आणि तू ऐकत बसलीस?

"तू दिल्यास, त्यानं ऐकून घेतल्या. तेवढं ठरलं होतं आमचं."

मग मी ते विचारलं. विचारायला नको होतं. माझं लग्न ठरलं असतं तर? तेव्हाही हेच सांगितलं असतंस?

इस्त्री उभी करून ठेवली तिनं. माझ्याकडं बघितलं, नीट, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत.

"तुझ्या वेळी नसतं जमलं," म्हणाली. "तुझ्याकडं बघून कोण म्हणेल मी मेले?"